सचिवाचा मेनू

…आणि वर मलाच विचारतात, की हे मेनूचं खूळ काढलं कुणी? आता तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे. नऊ वर्षं बागकाम मंडळाचा सचिव होतो, आणि नऊ वर्षांत माझा आवाज चढला तो एकदाच, कुणीतरी सभेतला उरलेला चहा माझ्या फर्नच्या कुंडीत ओतला तेव्हा. तोही गरम. असो.

आधी आमचा साधा फळा होता. हॉलच्या दाराशी. खडूने लिहायचं, विषय संपला. फळा काय, सगळ्यांना सारखाच दिसतो. पण नाही, वेबसाइट पाहिजे, ठराव झाला, सर्वानुमते, आणि माझी भाची हाच धंदा करते म्हणून काम तिच्याकडे. ती म्हणाली, "मामा, लॉगिन केलं की ज्याची जशी पातळी तसा त्याला मेनू. पाहुण्याला तीन गोष्टी, साध्या सदस्याला पाच, आजीव सदस्याला सात आणि सचिवाला सगळ्या." मी म्हटलं, सगळ्या म्हणजे? "सगळ्या म्हणजे सगळ्या, मामा." बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू? निवृत्त झाल्यावर माणसाला सगळं असं कुठे काय मिळतं?

मग तिने विचारलं, "जे उघडता येत नाही ते कुलूप लावून दाखवायचं, का दाखवायचंच नाही?" मी म्हटलं, दाखवायचंच नाही, उगाच कुणाला वाईट नको वाटायला. आता माणसं एकमेकांच्या शेजारी बसून फोन बघतात, हे माझ्या डोक्यात कसं येणार, तुम्हीच सांगा?

पहिल्याच संध्याकाळी आमच्या हिने सोफ्यावरून माझ्या फोनमध्ये डोकावलं. ही साधी सदस्य. "अहो, हे 'रोपांची अदलाबदल' काय आहे? तुम्हाला दिसतं, मग मला का दिसत नाही?" म्हटलं, अगं, ते आजीव सदस्यांपासून वर. "असं होय. आणि गच्चीतल्या कुंड्या कोण भरतं?" आता चाळीस कुंड्या तीच भरते, पाणी तीच घालते, कीड तीच काढते, मी सभेत त्यांच्याविषयी बोलतो… म्हणजे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. मी पेपर वाचायला घेतला.

पण हे घरात थांबतंय थोडंच? दंतवैद्यबाई आणि पोस्टमास्तर सभेला शेजारी बसले, झालं. बाई आजीव, पोस्टमास्तर साधे. त्यांचा तो खर्जातला आवाज, "का हो सचिव, यांना दिसतं ते मला का दिसत नाही?" मग मागून शिंपी, "मला का दिसत नाही?" मग ज्यांना दिसत होतं तेही ओरडायला लागले, कारण बाकीच्यांना काय दिसत नाही ते यांना कळेना. आणि घरी आलो तर ताट वाढता वाढता पुन्हा तेच, मला का दिसत नाही?

शेवटी मी काय केलं, हिच्या नावापुढची पातळी बदलली. यादीत होतं, पाहुणा, साधा, आजीव, सचिव. म्हटलं, एकदाच काय ते तोंड बंद होऊ दे, आणि 'सचिव' दाबलं. दोन दिवस घर कसं शांत होतं. हिने उघडून काही बघितलंसुद्धा नाही, दिसतंय एवढ्यावर समाधान.

आता खरी गोष्ट ऐका. वार्षिक सभेची सूचना सात दिवस आधी लागायला हवी, नाहीतर सभाच रद्द. शेवटचा दिवस, पाचची मुदत. मी चारला सूचना टाकली, आणि फोन. पोस्टमास्तर. "सचिव, सूचना मला का दिसत नाही?" म्हटलं, थांबा, तुमच्या डोळ्यांनी बघतो. आणि काय दिसतं ते बघायला मी माझीच पातळी बदलली. अगदी तळापासून तपासू म्हणून, पाहुणा. जतन करा.

तुम्हाला सांगतो, सगळा मेनू गेला. उरलं काय, मुखपृष्ठ, आमच्याविषयी आणि संपर्क. आणि पातळी वाढवायचं पान? ते सचिवालाच दिसतं ना हो.

भाचीला फोन लावला. "मामा, मी माझा प्रवेश काढून टाकला. तुम्हीच म्हणालात, चाव्या घराबाहेर नकोत. दुसरा सचिव आहे ना कुणी?"

होता. गच्चीत माती कालवत होता.

हिने हात धुतले, चष्मा लावला, सावकाश लॉगिन केलं. साडेचार. मी म्हटलं, अगं, 'सदस्य-पातळी' दाब. "थांबा हो, मला सगळं पहिल्यांदाच दिसतंय," म्हणाली, आणि एकेक उघडत खाली निघाली. 'सदस्यांची मतं' उघडलं. वेबसाइट करण्याआधी मी प्रत्येकाला विचारलं होतं, तुम्हाला काय हवं, आणि नोंद ठेवली होती. पोस्टमास्तरांच्या चार ओळी. शिंप्याच्या सहा. हिच्या नावापुढे माझीच नोंद होती. तिने मोठ्याने वाचली. "घरचीच. विचारायची गरज नाही."

मला लाज वाटली. खरंच वाटली, हॉलभर लोकांपुढे कधी वाटली नव्हती तेवढी. पस्तीस वर्षांत मी तिला काय काय विचारलं नाही, ते सगळं त्या एका ओळीत दिसायला लागलं. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "पाच वाजतील, थांबा." पाचाला दहा कमी असताना तिने सूचना सगळ्यांना दिसेल अशी लावली, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि तेवढ्यात अदलाबदलही सगळ्यांना उघडी करून टाकली. सभेत काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. सर्वानुमते. माझा हातसुद्धा वर होता.

माझी पातळी? विचारलं मी. म्हणाली, रीतसर अर्ज करा. काल केला. 'संपर्क' दाबलं, तर स्वयंपाकघरात फोन वाजला. "बोला, मंडळाची सचिव बोलतेय. आपण सदस्य का?"

म्हटलं, नाही हो… घरचाच आहे.

"मग थांबा जरा. आधी सदस्यांचं बघते."

थांबलोय.