निखिलचा ब्लू बॅज

आमच्या शेजारचा निखिल माहितीये ना तुम्हाला? चांगला धडधाकट, जिमला जाणारा. पण इथं लंडनजवळ वॉटफर्डात गाडी लावायची ती कायम अपंगांच्या जागेत, काचेमागे आईचा ब्लू बॅज, म्हणजे अपंगांचा पार्किंग परवाना, ठेवून. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, संधिवात आहे, पण त्या बरोबर कधी दिसायच्या नाहीत.

स्ट्रोकनंतर माझा नवरा काठी घेऊन चालतो. एका शनिवारी निखिलच्या गाडीमुळे आम्हाला ती जागा मिळाली नाही, म्हणून बिचाऱ्याला लांबून चालावं लागलं. मी अशी भडकले! त्याला बाकावर बसवलं आणि कौन्सिलकडे तक्रार करायची म्हणून निखिलच्या गाडीचा नंबर घ्यायला गेले. बघते तर मागच्या सीटवर काकू, कोट घालून कुडकुडत बसलेल्या.

मी काच वाजवली. त्यांनी दार जरासं उघडलं.

"काकू, अहो, निखिल कुठंय?"

"जिमला गेलाय. येईलच."

"आणि तुम्ही अशा थंडीत इथं?"

"मी गाडीत असले की दंड होत नाही, म्हणतो."

मी म्हटलं, "हे बरोबर नाही, काकू. मी बोलते कौन्सिलशी."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नको गं बाई. बॅज काढून घेतला तर मला घराबाहेर कोण आणेल?"