लिलाधरभाऊची तंबूवाली गाडी

...नाई, पण मी म्हणतो, त्या माणसानं मागितलं तरी काय होतं? सोनं मागितलं? बंगला मागितला? एक रात्र, बाप्पा, एकच रात्र! बायको अन् आपण, दोघंच, तलावाच्या पाळीवर, वर चांदण्या, खाली पाणी, अन् मधात कोणी नाई. बस! आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कोणी दोन टनाची गाडी घेते काय? मीही हेच म्हटलं होतं. पण तुम्ही आधी त्याचं क्वार्टर पाहा, मंग बोला.

लिलाधर म्हणजे माझा बाजूवाला. जवाहरनगरात आमच्या दोघांच्या क्वार्टरची भिंत एक, अन् फॅक्टरीच्या बसमधली सीटही एक, म्हणून त्याच्या घरातलं जे मले भिंतीतून ऐकू येत नाई ते तो मले बसमध्ये सांगते. दोन खोल्या. आतल्या खोलीत त्याची माय यशोदाबाई, पोरगी गुड्डी अन् बायको तृप्ती. बाहेरच्या खोलीत लिलाधर अन् त्याचा लहान भाऊ मनिष. हा मनिष चार वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करून राहिला, म्हणजे पहाटे चारचा अलार्म हा लावते अन् उठते लिलाधर! लग्नाले अकरा वर्षं झाली, तुम्हाले सांगतो, अकरा वर्षांत त्या नवराबायकोले जे काही बोलायचं असंल ते मोरीच्या दारात, नाई तं सिलेंडर बदलवताना. तेही अर्धं. कारण अर्ध्यात आवाज येतेच... "तृप्तीऽऽ, माझ्या गोळ्या कुठं हायेत वं?" "वहिनीऽऽ, टॉवेल!" "आईऽऽ, माझं खोडरबर!" अन् तृप्ती चालली.

मंग हा फोनवर व्हिडिओ पाहाले लागला. बसमध्ये, कानात बोंडं घालून. कोणी लडाखले चालला, कोणी राजस्थानात, गाडीच्या टपावर तंबू, मागच्या डिक्कीत चूल, बायको हसून राहिली, नवरा कॉफी पिऊन राहिला. मले कोपर मारून म्हणे, "पाहा भाऊ, घर सोबत अन् घरचे लोक नाई!" म्हटलं, लिलाधरभाऊ, आपल्या भंडाऱ्यात गल्लोगल्ली तलाव आहेत, सतरंजी घ्या अन् मोटरसायकलनं जा ना! तं म्हणे, "अन् रानडुक्कर आलं तं? साप आला तं? तृप्ती घाबरते." हे पाहा, हे वाक्य लक्षात ठेवा तुम्ही. तृप्ती घाबरते! तिले विचारलं होतं का त्यानं? नाई.

गाडी घेतली नागपूरच्या एका ठेकेदाराची, दहा वर्षं जुनी, पांढरी, फोर बाय फोर. ठेकेदार म्हणे, "साहेब, फक्त देवदर्शनाले चालवली." घरी आणून पायपोस उचलला तं खाली अर्धं घमेलं सिमेंट, पाणी पिऊन गोटा झालेलं! कोणत्या देवाले सिमेंट चढवत होता तो? पण देवदर्शनाचं अगदीच खोटं नव्हतं, कारण रिव्हर्स टाकला का गाडी आरती म्हणे. पूर्ण आरती, टाळासकट. पहिल्या दिवशी कॉलनीत गाडी मागं घेतली तं समोरच्या क्वार्टरमधली म्हातारी निरांजन घेऊन बाहेर! तो आरतीचा डबा काढाले तीन मेकॅनिक झाले, कोणालेच त्याचा वायर सापडला नाई.

मंग गाडी गेली भोजराजकडे. भोजराज म्हणजे आपला वेल्डिंगवाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवते. लिलाधरनं त्याले फोन दाखवला, म्हणे, असा हलका, नाजूक बंपर पाहिजे, त्याले समोर विंच लावायचं. विंच म्हणजे ते तारेचं रीळ, गाडी फसली का तार झाडाले बांधायची अन् गाडी आपोआप बाहेर. भोजराजनं फोनकडं पाहिलंही नाई. "भाऊ, नाजूक कायले? लोखंडी चॅनल मारतो. तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत पाहाचं काम नाई!" अन् मारला त्यानं! गाडीचं नाक असं खाली गेलं जसं काही शोधून राहिली. वर टपावर कॅरिअर, कॅरिअरवर दिल्लीहून आलेला घडीचा तंबू, तंबूले शिडी, ती शिडीही भोजराजचीच, चार माणसं लागतात उचलाले अन् त्यातला एक मी. टायर एवढे मोठे का स्टेअरिंग पूर्ण वळवलं तं आत खर्रर्र. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून बाजूनं एक काळी सोंड काढली वर. यशोदाबाईनं लगेच तिले लिंबूमिरची बांधली. आरटीओचं काय म्हटलं तं लिलाधर दुसरीकडं पाहाले लागला, मीही मंग विषय सोडला. सहा महिने, तुम्हाले सांगतो, सहा महिने हा माणूस सुट्टीच्या दिवशी गाडीखाली! अन् हे सगळं कायच्यासाठी? एक रात्र, बाप्पा!

भाऊबीज झाली अन् शनिवार ठरला. जायचं होतं लाखांदूरच्या पुढं एका तलावावर. सकाळी यशोदाबाई विचारते, "कोण कोण चाललं?" हा म्हणे, "मी अन् तृप्ती." "दोघंच? काहून?" आता या काहूनचं उत्तर मायले काय द्यावं, सांगा! माय म्हणे, "अरे, तलाव म्हणजे तुझ्या सासऱ्याच्या गावालगतचा ना? अन् उद्या तिथं मंडई ना? मंडईच्या दिवशी गावावरून जाशील अन् मले सोडून जाशील? सोयरे काय म्हणतील मले?" खरंच आहे ना! आपल्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, काय सांगायचं तुम्हाले, दिवाळीले नाई आला तं चालते, मंडईले सोयरा आलाच पाहिजे. गाडीत माय बसली. मायसोबत गुड्डी. गुड्डीसोबत मनिष, कारण मंडईत रात्री नाटक होतं. तंबू दोघांचा, माणसं पाच! लिलाधर म्हणे, ठीक आहे, यांना सासऱ्याकडं उतरवतो अन् आम्ही दोघं निघतो. भोळा माणूस! जवाई मंडईले आला अन् चहा पिऊन गेला, असं कधी झालं आहे काय?

सासरा परसराम, उंच, काटक, बोलणं कमी. जवाई उतरला का पाय धुवाले पाणी, चिवडा, लाडू, मंग जेवण, मंग शेजारचा येते, "जवाईबापू आले म्हणे!" मंग त्याच्याकडं चहा. तृप्ती तं उतरल्याबरोबर आत, मायबहिणींसोबत वडे तळाले. तीन वाजले, साडेतीन वाजले, हा खिडकीतून आत पाहून राहिला, ती कढईतून वर पाहून राहिली नाई. शेवटी चार वाजता हा तिले म्हणे, चल, निदान जागा तं पाहून येऊ. अन् ती आली बाप्पा, हात पदराले पुसत! समोरच्या सीटवर बसली! गाडी चालू झाली अन् लिलाधरचं काळीज असं वर आलं, त्यानं मले स्वतः सांगितलं, का रडूच येत होतं.

अन् आता पाहा. तलावाची पाळ समोर दिसून राहिली, रस्ता फिरून जाते, मधात परसरामच्या बांध्या, म्हणजे धानाची वावरं. एका बाजूनं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान उभं, पिवळं. दुसरी बांधी लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची, कापून झालेली, रिकामी. तृप्ती म्हणे, "रस्त्यानं चला." हा म्हणे, "फोर बाय फोर आहे!" तृप्ती म्हणे, "अहो, बांधी ओली असते." हा म्हणे, "वेग सोडायचा नाई, व्हिडिओत सांगितलं आहे." अरे, व्हिडिओवाल्याच्या बापानं कधी लाखोरी पेरली होती का? आपल्याकडं काय करतात, धान उभं असतानाच त्याच्या बुडाशी ओलीत लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकून देतात, धान कापलं का खाली ती बोटभर उगवून असते, अन् म्हणून त्या बांधीतली ओल कोणी जाऊ देत नाई. शेतकऱ्याच्या पोराले हे सांगावं लागत नाई. पण लिलाधर क्वार्टरमध्ये वाढला, त्याले वाटलं गवत आहे!

वीस हात गेली. वरचा पापुद्रा फुटला अन् गाडी बसली, पोटापर्यंत, शांतपणे, जशी म्हैस बसते. पुढं टाकला, नाई. मागं टाकला... आरती! पुढं, बंद. मागं, आरती! पाळीवर मासोळीवाले जाळं धूत होते, त्यांनी हात जोडले. मंग म्हणे, विंच! धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड, जुनं, दोघांच्या कवेत न येणारं. तार बांधली, बटण दाबलं. झाड हललं नाई. गाडी हलली नाई. अन् एक असा कडकड आवाज झाला, अन् भोजराजचा बंपर गाडी सोडून झाडाकडं निघाला! एक खरोच नाई त्याच्यावर! नातवाच्या लग्नापर्यंत टिकंलच तो, फक्त गाडीवर नाई.

परसराम आला. धुऱ्यावर उभा राहून पाहत राहिला. लिलाधर चिखलात, गुडघ्यापर्यंत. म्हणे, "मामाजी, ट्रॅक्टर बोलावता का?" परसराम म्हणे, "ट्रॅक्टर आला तं उरलेली लाखोरी जाईल, जवाईबापू. गेली तेवढी गेली. राहू द्या तिले. लाखोरी उपटली का काढू." "कधी?" "होळीच्या आधी." मंग त्यानं गाडीच्या टपाकडं पाहिलं. बाजूले उभं धान. धानाच्या कोपऱ्यावर त्याचा मचाण होता, तो उन्हाळ्यात सडून पडलेला, अन् आठ दिवसांपासून डुकरं धान लोळवून राहिले होते. म्हणे, "तो वरचा डब्बा उघडते काय?"

उघडला ना! मासोळीवाल्यांनी हात लावून शिडी उभी केली, परसराम चढला, गादीवर बसून पाहिली, चारी बाजूले खिडकी, डासाची जाळी... म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा हसला असं म्हणतात. "जागा बरोबर धरली जवाईबापूनं!" तोपर्यंत माय, गुड्डी अन् मनिष आले, गुड्डी म्हणे मी आबासोबत झोपीन, माय म्हणे माझा पाय दुखते पण मी खालच्या सीटवर झोपीन, मनिष म्हणे गाडीजवळ कोणी माणूस पाहिजे. अन् लिलाधर? धुऱ्यावर बसला बिचारा, चिखलाच्या पायानं. तृप्तीले म्हणे, "माफ कर. तुले एक रात्र द्यायची होती. तलाव, चांदण्या..."

अन् मंग ती बोलली. अकरा वर्षांचं, एका दमात, कारण आवाज देणारे सगळे शिडीवर होते! "तुम्ही मले विचारलं का कधी? अहो, मी याच बांधीत मचाणावर झोपून मोठी झाली! डुकरं हाकलली, तीन गोट्यांच्या चुलीवर भात केला, पाणी तलावातून आणलं. माझ्या बापानं मले क्वार्टरवाला पाहून दिलं, का पोरीले पक्कं छत भेटंल, नळ भेटंल. अन् तुम्ही सहा महिने गाडीखाली झोपून मले परत मचाणावर चढवून राहिले? मले नाई पाहिजेत चांदण्या. मले एक दिवस असा पाहिजे का कोणी तृप्ती म्हणून हाक नाई मारली पाहिजे. पंखा चालू, दार बंद, बस!"

सोमवारी ड्युटी होती. रविवारी मंडई पाहिली अन् दुपारीच दोघं लाखांदूरवरून एसटीत बसले. गुड्डीच्या सुट्ट्या बाकी होत्या, ती राहिली. माय पोरीसाठी राहिली. मनिष गाडीसाठी राहिला. हा पूर्ण रस्ता तोंड पाडून, खिडकीबाहेर पाहत, का मेहनत पाण्यात गेली, गाडी चिखलात गेली, बायको नाराज. साकोलीजवळ तृप्तीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं अन् झोपली, तं त्याले वाटलं थकली असंल.

सायंकाळी सात वाजता क्वार्टरचं कुलूप उघडलं. मी दारातच होतो, चावी माझ्याकडं होती. तो आत गेला, लाईट लावला, अन् तसाच उभा राहिला. अंदर कोणी नाई! खाटेवर कोणी नाई, टीव्हीसमोर कोणी नाई. त्याच्या तेव्हा लक्षात आलं, बाप्पा, तेव्हा! मी काही भिंतीले कान लावून बसत नाई, पण भिंतच तशी आहे, काय करू? दोन कप ठेवल्याचा आवाज आला. पंखा सुरू झाला. दार बंद. आठ वाजले, साडेआठ वाजले, कोणी हाक मारली नाई. अन् मंग तृप्ती हसली. अकरा वर्षं शेजारी राहून मी त्या बाईचं हसणं पहिल्यांदा ऐकलं, खरं सांगतो, मले बरं वाटलं. मी उठून आमचा टीव्ही मोठा केला.

आता धान कापून झालं, पण लाखोरीवर चितळं येतात म्हणून परसराम तंबू सोडत नाई. मनिषले पाळीवर धावाले मैदान भेटलं, तो तिथंच. अन् दर शनिवारी यशोदाबाई अन् गुड्डी थैली भरून एसटीनं कॅम्पिंगले जातात, लिलाधर स्वतः स्टॅंडवर सोडून येते, खिडकीतून बिस्कीटचा पुडा देते, "आरामात राहा, घाई नका करू" म्हणते.

परवा बसमध्ये मी म्हटलं, लिलाधरभाऊ, लाखोरी निघालेच आली, गाडी कधी काढता बाहेर? तं त्यानं आधी मागं पाहिलं, पुढं पाहिलं, अन् हळूच म्हणे, "भोजराजले विचारून राहिलो भाऊ, तिथंच चार खांब गाडून पक्की करता येते काय. ती गाडी घरी आली का सगळे घरी येतीन ना!"