उस्तादाच्या गाडीतला जेट

—तो सायलेन्सर ठेवा तिकडं, भाऊ. नाई लावत मी तो तुमच्या गाडीले, नुसता बोंबलते. तुमाले काय पायजे, चढावर गाडी वढली पायजे, हेच नं? मंग तीन हजारात होते. नवीन फिल्टर नको, हाच धुतो, डब्ब्याचं तोंड जरा मोठं करतो, हवा मोकळी जाईन. सायलेन्सरमधली काजळी जाळतो, पाईपाची पॅकिंग बदलतो — तिथूनच फुसफुस करून राह्यली हाय ते. अन् कार्बोरेटरमधी जेट मोठा टाकतो. जेट म्हंजे हे पाहा — पितळीचं, नखाएवढं, मधी बारीक छेद, यातून पेट्रोल जाते. हवा वाढवली का पेट्रोल वाढवाच लागते, नाई तर इंजिन तापते अन् पिस्टन धरते, चालत्या गाडीत जाम होते.

समोरच्या बिरजूनंई हेच सांगतलं? सांगनच. दोन दिवस थांबा म्हनला अशीन, म्हनून इथी आले तुमी. काऊन नाई, या. माह्याकडं कोनाले थांबा नाई लागत.

आमी एकाच उस्तादाचे चेले, मी अन् बिरजू. हेच दुकान, सोमाजी उस्तादाचं. मी दीड वर्ष आधी आलो — हे ध्यानात ठेवा, मी आधी आलो. उस्ताद डोळे मिटून इंजिन ऐकत. माह्या हातची गाडी ऐकली का म्हनत, बरी हाय हेमराज. बिरजूची ऐकली का काईच नाई म्हनत, डोळेच नाई उघडत, तसेच ऐकत बसत. ते 'काईच नाई' मले कधी भेटलं नाई, भाऊ. गिरजाबाई बिमार पडली, उस्तादाची बायको, तवा चंद्रपूरच्या दवाखान्यात कोन राह्यलं आठ दिवस? मीच राह्यलो. बिरजू इथी पाना फिरवत होता.

मंग उस्तादानं आपली स्वताची गाडी काढली, सोळा वर्षाची. म्हने, हिले मोकळी करा, पन नवीन काई आनायचं नाई, भंगारातूनच जमवा. अन् दिली कोनाले? बिरजूले. मले म्हने, हेमराज, तू बाजूले उभा राहून पाह्य. पाह्यलं मी. त्यानं दोन टाकाऊ पाईपा जोडून सायलेन्सर बनवला, फिल्टरचा डब्बा कापला, गाडी चालू केली — खोटं नाई बोलत, तसा आवाज मी आजवर नाई ऐकला, दबका, भरलेला. उस्तादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. माह्यासमोर. मंग दोघंई जेवाले बसले मांगच्या खोलीत, एका डब्ब्यातून.

जेवन झालं अन् उस्ताद तसेच राजुऱ्याकडं निंगाले. वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडं इंजिन जाम, मांगचं चाक जागच्या जागी थांबलं — आपटले. मांडी मोडली. अजून काठी हाय हातात. चूक बिरजूचीच नं? हवा मोकळी केली अन् जेट टाकला ऐंशी नंबरचा, बारीक छेदाचा, एकशे पाचचा मोठा पायजे तिथी. उस्तादानं त्याले हाकललं, दुकान मले दिलं. गाडी आनली तवा बिरजूनंच कार्बोरेटर खोललं, जेट हातावर घेतला, उजेडात धरून नंबर वाचला, अन् माह्याकडं पाह्यलं. लय वेळ. जेट खिशात टाकला, गेला. आज बारा वर्ष झाली, कोनाजवळ बोल्ला नाई — मले तर वाटते चार लोकांत कॉलर धरली असती तर बरं झालं असतं, मीबी दोन देल्या असत्या. आता त्याच्या दारात गाड्याची रांग, अन् उस्ताद काठी टेकत तिथीच जाऊन बसतात. मी पाह्यतो नं इथून रोज. डोळे मिटून बसतात.

काय म्हनलं?

नंबर त्यानं वाचला, मंग मले कसा माहीत — असं इचारता? अंदाज असते, भाऊ. एवढी वर्ष झाली या कामात. ते दोघं जेवत होते, मी गाडीपाशी एकटाच — नाई, म्हंजे गाडीवर नजर ठेवून होतो. बस.

असं करा, तुमची गाडी न्या. नाई, आज नाई होत. उद्याई नाई. दोन दिवस थांबा अन् तिकडंच करा, चांगलं करून देते तो. पैसे ठेवा खिशात, मी हात नाई लावला गाडीले. चाबी घ्या. जा.