आतून कडी

मुलांच्या सर्जनकडे माझ्या शेजारी दोघी आया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं, दुसरीची सहा वर्षांची मुलगी खिडकीपाशी.

"तुमच्या हिलाही जन्मापासूनच?"

"हो. आतड्याचा शेवटचा तुकडा कामच करत नव्हता. तिसऱ्या महिन्यात काढला."

"आणि आता?"

"आता घरात एकच विषय, हिला शी झाली का! सासरे कॅलेंडरवर खूण करतात. हे दुकानातून शिलाई मशीन थांबवून फोन करतात. गिऱ्हाइकंसुद्धा विचारतात!"

"अगं बाई! वैतागत नाही ती?"

"काल वैतागली. आतून कडीच लावली. आम्ही तिघं दाराला कान लावून. तर ओरडली, 'जा ना सगळे! झाली की मीच खूण करीन.'"

"मग?"

"मग काय, सहा वर्षांत पहिल्यांदा तिघांनी गरम चहा प्यायला."