नुसती बटणं राहिली होती

दवाखान्यात लिफ्टसमोर रांग होती. एका शिक्षिकेच्या पुढे एक शिंपी आणि त्याची बायको उभी होती. गळ्यातली टेप काढायला तो विसरला होता.

"अहो, डॉक्टरांनी चालण्याचं विचारलं तर काय सांगाल?"

"उद्यापासून चालायला लागतो म्हणून."

"मागच्या खेपेलाही हेच सांगितलंत."

"तेव्हा गणवेशांचं काम अंगावर होतं. मग गुडघा धरला. आता बूट चावतात."

"गिऱ्हाइकाला उद्या या, उद्या या म्हणून जिभेला सवयच लागलीय तुमच्या."

"धंद्यात म्हणावंच लागतं गं. गिऱ्हाईक जातं कुठं? येतं परत."

"भावोजी आले?"

शिंपी लिफ्टच्या आकड्यांकडे बघू लागला.

"ते गेले, त्यांचा सदरा अजून दुकानात टांगलाय. न्यायला आले तेव्हा केवढी धाप लागली होती. पण डॉक्टरकडेही उद्याच जाणार होते. भाऊ तुमचेच."

"नुसती बटणं राहिली होती गं."

"हो. नुसती बटणं."

लिफ्टचं दार उघडलं.

"अहो, चला."

"तू हो पुढे. बाई, जिना कुठल्या बाजूला?"

शिक्षिकेनं हात दाखवला.

"अहो, आणि गुडघा?"

"एकच तर मजला आहे. सावकाश चढतो."

बायकोनं त्याच्या गळ्यातली टेप काढून पिशवीत टाकली आणि लिफ्ट जाऊ दिली.