सॅम्पल पास

सारा : गुळाचा डबा कुठं लपवलात? आपली पोरगी शीरा बिनगोडाचा चहा पितेय, काढा पितात तसा.

सॅम्युएल : शेजारी इंदुबाईंकडे ठेवलाय. रिपोर्ट येईपर्यंत.

सारा : रिपोर्ट आपसूक येतो व्हय? पेणच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघून सांगितलं, पोरीच्या गुडघ्याखालची गाठ हाडाची हाय, मुंबईला नेऊन तुकडा तपासा. त्याला किती दिवस झाले?

सॅम्युएल : नेणार आहे. आधी लेव्हल खाली येऊ दे.

सारा : कसली लेव्हल?

सॅम्युएल : लॅक्टिक आम्लाची. कंपनीच्या लायब्ररीत अमेरिकेचं मासिक येतं, त्यात संशोधन छापलंय. साखर वापरली गेली की हे आम्ल सगळ्यांच्याच अंगात तयार होतं. हाडाच्या एका दुर्मिळ गाठीत ते फार सापडलं.

सारा : म्हंजे त्यानं गाठ झाली?

सॅम्युएल : ते अजून सिद्ध व्हायचंय.

सारा : अमेरिकेत सिद्ध व्हायचंय, पण रोह्यात गूळ बंद! दोरीवरच्या उड्याही बंद केल्यात.

सॅम्युएल : उड्यांनीही वाढतं. मी एझ्रादादाला इस्रायलला फोन लावणार आहे.

सारा : भाऊजी तिथं बस चालवतात.

सॅम्युएल : तिकडच्या डॉक्टरांना विचारतील.

सारा : अहो, तुमच्या कंपनीच्या लॅबला सरकारी साहेब तपासायला यायचे असले की काय करता?

सॅम्युएल : त्याचा इथं काय संबंध?

सारा : सांगा की.

सॅम्युएल : आदल्या दिवशी सांडपाण्याच्या टाकीत नळाचं पाणी सोडतो. सॅम्पल पास होतं.

सारा : आन् नदी?

सॅम्युएल : नदीचं कुणी मागत नाही.

सारा : पोरीलाबी तसंच पाणी सोडून धुताय तुम्ही. सॅम्पल पास, आन् गाठ हाय तिथंच.

(सॅम्युएल चष्मा पुसतो. चष्मा स्वच्छच असतो.)

सॅम्युएल : उद्या शनिवार. शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, प्रवास कसा करायचा?

सारा : शब्बाथला ओव्हरटाइम करता, तेव्हा कुणाला विचारता?

सॅम्युएल : सारा... फेल झालं तर?

सारा : तर कळंल तरी. ती कण्हते तेव्हा तुम्ही जागे असता, मी पण. दोघं झोपेचं सोंग घेतो, आन् ती आपल्याला जाग येऊ नये म्हणून तोंडात चादर धरते.

सॅम्युएल : तिला काय म्हणून सांगायचं? मुंबईला कशाला?

सारा : सांगायला काय नाय उरलं. पिशवी तिनंच भरून ठेवलीय. त्यात तुमचेबी दोन सदरे घातलेत. म्हणाली, पपांना माझ्यापाशी तिकडं राहावं लागंल.