हळदीचं दूध

हळदीच्या दुधाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या भावाचं ऐका. खामगावात त्याची हळद-मिरची दळायची चक्की आहे. मध्यंतरी तो उदास राहायला लागला, जेवेना, म्हणून डॉक्टरनं डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. हे कळताच पिंपळगाव राजा या गावचे आमचे मामा थेट चक्कीवर आले.

"गोळ्या काऊन खाऊन राह्यला बे? हळदीचं दूध घे."

भावाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होत्या. त्यानं चक्की बंद केली.

"मामा, मी डॉक्टरले इचारलं. हळदीवर थोडा अभ्यास झाला म्हणे, पण गोळी सोडावी एवढा पुरावा नाही. अन् हळद तर दिवसभर माह्या नाकातोंडात जाते. तिनं भागलं असतं, तर मले हे झालं असतं काय?"

मामा पोत्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "मलेबी ने त्या डॉक्टरकडे. मी दिवाळीपासून ते दूधच पिऊन राह्यलो."